मुकी बॅटरी

आळेफाटा बहुतेकांना ठाऊक असतो तो एसटीच्या खिडकीतून. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन मोठे रस्ते इथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथे येणारा प्रत्येक जण दुसरीकडेच कुठेतरी चाललेला असतो. चहा घ्यायचा, गाडी बदलायची आणि सुटायचं. फाट्यावर दिवसरात्र इतका आवाज असतो की तिथे शांततेविषयी बोलणंसुद्धा विनोदी वाटेल. कांद्याच्या गाड्या, हॉर्न, 'नाशिक नाशिक नाशिक' असं ओरडणारे वडापवाले...

पण फाट्यापासून जरा आत, उसाच्या आणि कांद्याच्या रानांत वस्त्या आहेत, आणि तिथे रात्री नऊनंतर जी शांतता उतरते ती शहरातून आलेल्या माणसाला पहिले काही दिवस झोपू देत नाही. आमचं घर अशाच एका वस्तीवर आहे. २०२० साली टाळेबंदीत पुण्याहून इथे आलो तो राहूनच गेलो. माझं काम परदेशातल्या दवाखान्यांच्या बिलांचं, म्हणजे अर्थातच रात्रीचं. त्यांचा दिवस तेव्हा आपली रात्र. संध्याकाळी सातला बसायचं आणि पहाटे तीन-साडेतीनला उठायचं. या कामाला दोनच गोष्टी लागतात, वीज आणि नेट. आणि वस्तीवर या दोन गोष्टी मागणं म्हणजे काय ते सांगायला नकोच.

तर आज लिहायचं आहे ते एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या खरेदीबद्दल. लाईट गेली तरी नेटचा डबा चालू राहावा म्हणून घ्यायच्या बॅटरीबद्दल. या विषयावर एवढं काय लिहायचं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं असतं. पण ही खरेदी करताना घरात एक अट आली आणि त्या अटीमुळे बऱ्याच गोष्टींचा विचार करावा लागला. अट वडिलांची होती, "आण काय आणायचं ते, पण मुकं आण."

आता आमच्या शेजारच्या आळे गावात, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं सांगतात, त्या रेड्याची समाधी आहे. बोलणाऱ्या रेड्याच्या गावाला राहून मी न बोलणारी बॅटरी शोधायला निघालो होतो. असो.

आधी थोडं मागे जाऊ. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पूर्वी जुना तारेचा फोन होता त्यांना एक गोष्ट आठवत असेल. लाईट गेली तरी तो फोन चालायचा. २००५ नंतरची सात-आठ वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने भारनियमनात काढली. दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. चक्की बंद, टीव्ही बंद, पाण्याची मोटर बंद. पण कोनाड्यातला फोन मात्र जिवंत. रिसीव्हर उचलला की तो 'टूंऽऽ' असा आवाज यायचाच. लहानपणी मला वाटायचं की फोनला वीज लागतच नाही. लागत होती, पण ती आपल्या मीटरमधून येत नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टच्या मोठ्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या चोवीसच्या माळेत जोडलेल्या असत. त्यातून ४८ व्होल्टचा पुरवठा तांब्याच्या त्याच दोन तारांवरून तुमच्या घरापर्यंत येई. म्हणजे बोलणं आणि बोलायची शक्ती दोन्ही एकाच तारेतून घरी येत होतं. बॅटरीची, तिच्या पाण्याची, तिच्या जनरेटरची चिंता एक्स्चेंजने करायची. आपण फक्त बिल भरायचं.

मग फायबर आलं. फायबर म्हणजे काच. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. वेग शंभरपट झाला पण डब्यात जीव घालायचं काम आपल्या घरावर आलं. या बदलाबद्दल कोणी काही बोललं नाही. बसवायला आलेल्या मुलाने भिंतीला दोन खिळे मारले, डबा टांगला, अ‍ॅडॉप्टर सॉकेटमध्ये खोचला आणि 'काका, हिरवा दिवा लागला की झालं' असं सांगून तो गेला. एक्स्चेंजमध्ये जी बॅटरीची खोली होती, ती आता प्रत्येक घराने आपापली बांधायची होती.

यातच एक चांगली गोष्टही दडलेली आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. आजकालच्या बऱ्याचशा घरगुती फायबर जोडण्यांमध्ये कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत मध्ये कुठेही वीज लागत नाही. खांबावरच्या पेटीत प्रकाशाचे फाटे फोडणारा जो भाग असतो तो नुसता काचेचा असतो. त्यामुळे अख्ख्या शिवारात अंधार असला तरी तिकडच्या टोकाला त्यांची बॅटरी आणि इकडच्या टोकाला तुमची बॅटरी चालू असेल तर नेट चालतं. मोबाईलचा टॉवर मान टाकतो तेव्हासुद्धा. पण सगळीकडे असं नसतं. काही ठिकाणी केबलवाल्याने मध्येच कुणाच्या तरी गच्चीवर एक स्विच ठेवलेला असतो आणि तो त्या घराच्या विजेवर चालतो. तिथली लाईट गेली की तुमच्याकडे बॅटऱ्यांचं गोडाऊन असलं तरी उपयोग शून्य.

म्हणून पहिला सल्ला हा की काहीही विकत घेण्याआधी, लाईट गेलेली असताना तुमचा डबा कुठल्याही उधारीच्या बॅटरीवर किंवा इन्व्हर्टरवर चालवून बघा. लाल दिवा न लागता नेट आलं तर पुढे वाचा. नाही आलं तर पैसे खिशात ठेवा.

मीही तसंच केलं. चुलतभावाच्या दुकानात संगणकाला लावलेला एक यूपीएस होता. नेहमीचा, काळा, विटेपेक्षा मोठा, ६०० व्हीएचा. तो आठवडाभर मागून आणला आणि माजघरात डब्याखाली ठेवला. माजघरात, कारण खांब त्या बाजूला असल्यामुळे फायबर त्याच खिडकीतून आत आलं आहे. आणि माजघरातच आण्णा झोपतात.

नेट चाललं. लाईट गेली तरी माझं काम थांबलं नाही. त्या दृष्टीने परीक्षा पास. पण आवाजाचं काय?

दिवसा त्या यूपीएसचा आवाज येत नाही असंच कोणीही म्हणेल. रात्री मात्र एकेक आवाज वेगळा व्हायला लागला. पहिला, आतल्या ट्रान्सफॉर्मरची बारीक घुंईऽऽ. दुसरा, टक् असा आवाज. हा समजायला मला दोन रात्री लागल्या. आमच्याकडे शेतीच्या पंपांना थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीची पाळी असली की शिवारातल्या मोटरी एकापाठोपाठ एक सुरू होतात आणि व्होल्टेज खाली बसतं. १७०, १६५... यूपीएसच्या आत व्होल्टेज सावरणारा रिले असतो. व्होल्टेज पडलं की तो टक् करून वर उचलतो, सुधारलं की टक् करून सोडतो. ज्या घरात व्होल्टेज स्थिर आहे तिथे हा आवाज महिन्यातून एकदा येत असेल. आमच्याकडे रात्रभर जणू कोणी सुपारी कातरत बसलं होतं. आणि तिसरा, सगळ्यात वाईट आवाज म्हणजे ती शिट्टी. लाईट गेली की टीं... टीं... टीं. बॅटरी संपत आली की टींटींटींटीं. काही यूपीएसवर शिट्टी बंद करायचं बटण असतं, पण बऱ्याच वेळा ते तेवढ्यापुरतंच बंद करतं, पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा सुरू. आणि बॅटरी संपत आल्याची शिट्टी बहुधा बंद होतच नाही. संगणकावर काम करणाऱ्या माणसाला 'सेव्ह कर' असं सांगण्यासाठी ती शिट्टी आहे. नेटच्या डब्यात सेव्ह करायला काय आहे?

तिसऱ्या रात्री पावणेतीनच्या सुमाराला लाईट गेली. मी आतल्या खोलीत कानात हेडफोन घालून बसलेलो. सकाळी चहाच्या वेळी आण्णा म्हणाले, "रातच्याला कुत्रं भुंकत होतं. मधीच कधी गप झालं ते कळलंच नाही. तुझं ते यंत्र टीवटीव करत होतं."

हे वाक्य शहरातल्या माणसाला काहीच सांगणार नाही. जुन्नर-आंबेगावकडच्या माणसाच्या अंगावर मात्र काटा येईल.

आमच्याकडे धरणं झाली, कालवे आले, कालव्यांमागून ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला. जुन्नर वन विभाग, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके, बिबट्यांसाठी साऱ्या देशात ठाऊक झाले आहेत. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. उसात जन्मलेल्या बिबट्याला ऊस हेच जंगल. शेळ्या, वासरं, कुत्री हे त्याचं खाणं, आणि माणसंही गेली आहेत, लहान मुलंसुद्धा. रात्रीच्या थ्री-फेजवर पाणी धरायला जाणारा माणूस हातात बॅटरी, काठी आणि मोबाईलवर मोठ्याने लावलेली गाणी घेऊन जातो. शेतीला दिवसा वीज द्या ही इकडची मागणी म्हणूनच नुसती सोयीची मागणी नाही.

आणि वस्तीवरचं रात्रीचं राखण कशावर चालतं? कानावर. कुत्रं भुंकतंय तोवर ठीक असतं, कारण ते काहीतरी बघून, लांबून भुंकत असतं. भुंकता भुंकता ते एकदम गप्प झालं, की उठायचं. गाई खुंट्याभोवती फिरायला लागल्या, नाकातून फुरफुरल्या, की उठायचं. आण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, गुडघे गेलेत, पण कान शाबूत आहेत. गोठ्याला जाळी आहे, कॅमेराही लावलाय. हालचाल झाली की माझ्या मोबाईलवर निरोप येतो. पण त्या कॅमेऱ्यापुढे पाकोळी आली तरी निरोप येतो आणि धुकं असलं तर कशाचाच येत नाही. आण्णांचा कान गेली साठ वर्षं बिघडलेला नाही. त्या कानावर मी एक टीवटीव करणारं यंत्र आणून ठेवलं तर घरातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात भरवशाची राखण मीच बंद पाडली असती.

तेव्हा 'मुकं आण' ही म्हाताऱ्या माणसाची कुरकुर नव्हती. ती तांत्रिक अट होती.

त्या आठवड्यात मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. (असले हिशेब कागदावरच छान होतात.) पहिला प्रश्न, आपल्याला वीज लागते तरी किती? चुलतभावाकडून सॉकेटला लावायचा छोटा वॅटमापक आणला. फायबरचा डबा ७ वॅट. गोठ्याकडच्या बाजूला लावलेला दुसरा राउटर ५ वॅट. झाले एकूण १२. हॉलमधल्या एका एलईडी दिव्याएवढं! एवढ्यासाठी ती जड वीट सांभाळायची?

दुसरं म्हणजे ती वीट काय करते ते बघा. आतली बॅटरी १२ व्होल्टची. यूपीएस तिचे २३० व्होल्ट करतो. मग आपला अ‍ॅडॉप्टर त्या २३० व्होल्टचे पुन्हा १२ व्होल्ट करतो, कारण डबा चालतो १२ वर. म्हणजे आळेफाट्याहून नारायणगावला जायचं तर आधी माळशेज घाट उतरून मुरबाडला जायचं आणि मग घाट चढून परत यायचं. पेट्रोल दोन्ही वेळा जळतं. मोठ्या संगणकासाठी हा वळसा परवडतो. १२ वॅटच्या कामाला मात्र वळशातच बऱ्याचदा तेवढीच वीज खर्च होते. आणि घुंईऽऽ होते ती याच घाटात.

त्याऐवजी सरळ रस्त्याने जाणारी वस्तू मिळते. तिला कोणी मिनी यूपीएस म्हणतं, कोणी राउटर यूपीएस, कोणी डीसी यूपीएस. तळहाताएवढी डबी, आत लिथियमचे दोन-चार सेल. अ‍ॅडॉप्टरची पिन डबीत आणि डबीची पिन नेटच्या डब्यात. १२ व्होल्ट आत, १२ व्होल्ट बाहेर. पंखा नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, बहुतेकांत शिट्टीही नाही. लाईट जाते तेव्हा अदलाबदल अशी नसतेच, कारण बॅटरी आधीपासून रांगेत उभी असते. आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा म्हणजे बहुतेक अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही चालतात. म्हणजे १६५ व्होल्टला रिलेची टकटक करायची गरजच उरत नाही. अ‍ॅडॉप्टर मुकाट्याने काम करत राहतो.

आता यातली फसवी जागा सांगतो. डबीवर मोठ्या अक्षरात '८००० एमएएच' असं लिहिलेलं असतं. माणूस म्हणतो, आठ हजार, वा! पण हा आकडा आतल्या सेलच्या व्होल्टेजवर, म्हणजे ३.७ व्होल्टवर धरलेला असतो. बाहेर आपण घेणार १२ व्होल्टने. म्हणून आठ हजाराला ३.७ ने गुणायचं आणि हजाराने भागायचं. २९.६ वॅट-तास. त्यातलं पंधरा टक्के आतल्या रूपांतरात जातं असं धरा. हातात उरतात २५. आता आपला बोजा १२ वॅटचा असेल तर २५ भागिले १२, म्हणजे दोन तास. 'आठ तास बॅकअप' असं खोक्यावर छापलेलं असेल तर तो कुठल्या तरी तीन वॅटच्या डब्याचा हिशेब असतो.

दोन तास आम्हाला पुरणारे नव्हते. इथे मी आधी मोठी डबी शोधत होतो. बायको मात्र घरखर्चाच्या वहीत वाढलेली. ती म्हणाली, "दोन डबे आहेत तर दोन छोट्या घ्या की." एकदम बरोबर. ७ वॅटच्या डब्याला एक डबी, साडेतीन तास. ५ वॅटच्या राउटरला दुसरी, पाच तास. मध्ये वाय आकाराची वायर नको, दोघांचे अँपिअर एकाच पिनवर घालायला नकोत, आणि एक बंद पडली तर दुसरी चालू.

साडेतीन तासांच्या पुढे काय? तर घरी इन्व्हर्टर आहेच. गावाकडे आता कोणाच्या घरी नसतो? १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची ती उंच ट्युब्युलर बॅटरी, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. मग त्याच्यावरच का नाही लावायचं, असं तुम्ही विचाराल. कारण लाईट गेल्यावर इन्व्हर्टर भार उचलतो त्यात क्षणाचा जो भाग जातो, तेवढ्यात काही डबे दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. दिवे लुकलुकायला आणि नेट यायला तीन मिनिटं. वाऱ्या-पावसाच्या दिवसांत संध्याकाळी दहा वेळा लाईट लुकलुकते, तेव्हा तीस मिनिटं नेट नाही, आणि माझं काम दर वेळी बाहेर फेकलेलं. म्हणून दोघांची जोडी लावली. इन्व्हर्टरच्या सॉकेटवर अ‍ॅडॉप्टर, त्यापुढे छोटी डबी. मधल्या लुकलुकण्याचं डबीने बघायचं, लांबच्या अंधाराचं इन्व्हर्टरने, आणि तोही दमला की शेवटचे साडेतीन तास पुन्हा डबीचे. इन्व्हर्टर तेवढा माजघराजवळून काढून बाहेर पडवीत हलवला. शिसे-आम्लाच्या बॅटरीला हवा लागतेच, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. तिचं गुरगुरणंही बाहेर गेलं.

आता निवड. फाट्यावरच्या दुकानदाराने दोन वेगवेगळ्या डब्या 'बघा आणि नको ती परत आणा' म्हणून दिल्या. दोन्ही कानाला लावून बघितल्या. दोन्ही मुक्या. मल्टिमीटरने बघितलं तर एकीचे १२ व्होल्ट बॅटरी उतरत आली तरी १२च राहत होते, दुसरीचे ११ च्या खाली घसरत होते. पहिलीची बाजू झाली. दुसरी परीक्षा मात्र आण्णांनी घेतली, तीही ठरवून नव्हे.

आण्णांच्या उशाशी एक जुना ट्रान्झिस्टर असतो. मध्यम लहरींवर आकाशवाणी लावून ते पहाटे पडून राहतात. त्या दिवशी दोन्ही डब्या उशाजवळच्या फळीवर चालू होत्या, आणि रेडिओत बातम्यांऐवजी खरखर. त्यांनी एक डबी लांब नेली, खरखर गेली. परत जवळ आणली, आली. "ही मुकी नाय. ही हळूच बोलती," म्हणाले. ती दुसरीच डबी होती, व्होल्ट घसरणारी.

झालं होतं ते असं. या डब्यांच्या आत व्होल्टेज वर-खाली करण्यासाठी सेकंदाला लाखो वेळा वीज चालू-बंद केली जाते. म्हणूनच त्या एवढ्याशा असतात. त्या चालू-बंद करण्यातून रेडिओ लहरी सुटतात. चांगल्या डबीत त्या गाळायला दोन-तीन जास्तीचे भाग घातलेले असतात, स्वस्त डबीत पैसे वाचवायला ते गाळलेले असतात. म्हणजे लहरी गाळायच्या तर भाग गाळले! तुम्हालाही ही परीक्षा घरी करता येईल. ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेत लावा आणि डबीजवळ न्या. कानाला न कळणारं बरंच काही रेडिओला कळतं.

आणि हे आमच्याइतकं कोणाला कळायला हवं! आळेफाट्यापासून जवळच, नारायणगावच्या पलीकडे खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने, ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत आणि १६ तीन दिशांना रानोमाळ पसरलेल्या. ती जागा निवडण्यामागच्या कारणांत एक मोठं कारण हेच, की इथे माणसाने केलेला रेडिओचा गोंगाट कमी होता आणि भोवती डोंगरांचा आडोसा होता. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली एखादी लहर इथे पोचते तेव्हा ती इतकी क्षीण झालेली असते की जवळच्या तारेवरची एक ठिणगीसुद्धा तिच्यापुढे बोंब मारते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी तिथे लोकांना आत जाऊन बघता येतं. शाळेच्या सहली भरभरून येतात. मी मुलीला घेऊन गेलो होतो तेव्हा तिने विचारलं होतं, "बाबा, एवढ्या मोठ्या दुर्बिणीतून दिसतं काय?" तिथल्या कार्यकर्त्याने सांगितलं, "दिसत नाही बाळा, ऐकू येतं असं समज."

ट्रान्झिस्टरवर खरखर करणारी आमची डबी त्या दुर्बिणीला कितपत त्रास देईल हा हिशेब वेगळा आहे. लहरींचे पट्टे वेगळे, अंतर वेगळं. पण घरोघरी अशा डब्या, चार्जर, एलईडी दिवे वाढत जातात तेव्हा गोंगाट असाच थेंबाथेंबाने साचतो. एक डबी आणि एक घर यांच्यापुरता विचार केला की काहीच वाटत नाही. शिट्टीचंही तसंच आणि हॉर्नचंही तसंच. फाट्यावर जाऊन बघा.

दुसरी डबी परत केली. पहिल्या जातीच्याच दोन घेतल्या. प्रत्येकी दोन हजारांच्या आत. घेताना बघितलेल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कोणाला उपयोगी पडतील. आपला डबा १२ व्होल्टचाच आहे ना हे त्याच्या पाठीवर वाचा, काही ९ व्होल्टचे असतात. पिनच्या आत अधिक की बाहेर अधिक हे दाखवणारी छोटी खूण असते, ती जुळवा. अँपिअर डब्याला लागतात तितके किंवा जास्त हवेत. बीआयएसची नोंदणी आहे का बघा, लिथियमच्या बाबतीत ही चैन नव्हे. आणि डबी भिंतीवर मोकळ्या जागी लावा. राउटरच्या डोक्यावर नको, पत्र्याखाली तर मुळीच नको. उष्णता हा कुठल्याही बॅटरीचा पहिला शत्रू. त्यातून लिथियमला भरलेल्या पोटी उन्हात बसवलं की तो लवकर म्हातारा होतो. डबीवर मी मार्करने तारीख घातली आहे. दोन-तीन वर्षांनी दम कमी झाला की बदलायची, आणि जुनी कचऱ्यात न टाकता दुकानात परत द्यायची. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, आपण फक्त द्यायची तसदी घ्यायची. फुगलेली दिसली तर मात्र त्याच दिवशी काढायची.

एक गोष्ट कोणत्याही बॅटरीने सुटत नाही. तिकडच्या टोकाची वीज. एकदा वादळात लाईट जाऊन सहाएक तास झाले होते, आमच्या डब्या, इन्व्हर्टर सगळं शाबूत, आणि तरी लाल दिवा लागला. त्या टोकाची बॅटरी संपली असणार. त्या रात्री मी काम बंद केलं, हेडफोन काढला आणि ओट्यावर जाऊन बसलो. आण्णा जागेच होते.

"लाईट कधी गेली हो?" मी विचारलं. मला खरंच ठाऊक नव्हतं. आत माझं काहीच थांबलं नव्हतं.

"साडेआठाला. फ्रीज गप झाला तवाच."

मला वाटायचं लाईट गेल्यावर त्यांची चिंता वाढत असेल. तर म्हणाले, उलट. लाईट असते तेव्हा घरात सारखं काही ना काही घुमत असतं. फ्रीज, पंखा, शेजारची मोटर, टीव्ही. लाईट गेली की हे सगळं बंद होतं आणि मग शिवार ऐकू येतं. कालव्याचं पाणी, उसाची सळसळ, लांबच्या वस्तीवरचं कुत्रं, त्याला उत्तर देणारं त्याच्या पलीकडचं. कोण कुठं काय करतंय ते सगळं. "लाईट गेली की मला जास्त कळतं," ते म्हणाले, "म्हणून तर म्हनलं, तेवढ्या येळंला तरी कोणी बोलू नये."

आमचं कुत्रं अंगणात भुंकत होतं. आम्ही दोघंही काही न बोलता ऐकत बसलो. ते भुंकत राहिलं, मग हळूहळू कंटाळल्यासारखं कमी कमी होत थांबलं. आण्णा म्हणाले, "हे झोपलं. गप झालेलं येगळं असतं." आणि कूस वळवून तेही झोपले.